टिपरीनं परत यायला हवं

देवळातल्या आरती-मशीनमधली टिपरी नगाऱ्यावर आपटवणं अवघड नाही, आपटल्याबरोबर उचलणं अवघड. गुरवाचा हात ते नकळत करतो. यंत्राची टिपरी मात्र चामड्यावर जरा रेंगाळली की घुमारा मरतो, उरतं नुसतं धप्प. म्हणून मी दांडी वेताची घेतो नि तिच्याखाली रबराचा थांबा देतो. चामडं चार-पाच मिलीमीटरवर असताना दांडी अडते, पुढचं अंतर टोकानं झोकानं जायचं नि मागं फिरायचं. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये पियानो घडवणाऱ्या क्रिस्तोफोरीचीही हीच पंचाईत होती. हातोडी तारेवर बसून राहिली की तार मुकी.

पण त्याला बेळगावचा पाऊस नव्हता. चामडं ओल धरून खाली बसतं, टिपरी पोचतच नाही. बोल्ट पिळून थांबा उतरवावा, तर दिवाळीनंतर चामडं ताणतं नि तीच टिपरी रुतते. तयार मशीनवाले यावर फायबरचं पान बसवतात. बारमाही सारखं वाजतं, पत्र्यासारखं. रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकलेल्या गावात हे खपतं! स्पीकरवर रेकॉर्ड लावणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

हल्ली उद्यमबागेतला एक पोरगा शिकायला येतो. त्यानं मोटर, गिअर, कॅम सगळं उतरवून सोलेनॉइड बसवला. "मामा, वीस मिलीसेकंद करंट द्यायचा नि सोडायचा. स्प्रिंग उचलतीय की!" उचलली. 1440 फेऱ्यांची मोटर साठावर आणून कॅमचा उतार घासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. झाकणाआड तो कुणाला दिसत नाही, तरी मी चकाकवतोच. नि आरतीला मागं उभा राहून 'हे कुणी केलंय?' असं कुणी विचारतंय का, इकडे कान लावतो. त्या दिवशी पोराला शाबासकी द्यायला माझी जीभ उचलेना.

त्यानं मोबाइलवर अजय कपूर यांचा 'महादेवीबॉट' दाखवला. सोलेनॉइडवर वाजणारी बारा भारतीय वाद्यं. मला त्यातल्या घंटा आवडल्या. घंटेला पाऊस लागत नाही.

चामडं बसलं की सोलेनॉइडच्या कॉइलचाही दम तुटतो, अंतर वाढेल तशी ओढ झपाट्यानं घटते. हे मी त्याला जरा आनंदानंच सांगितलं. तो म्हणतो, कडेला पिझो चिकटवू, ठोका ऐकून करंट आपोआप कमी-जास्त होईल. बघू. निपाणीच्या एका देवळाचा नगारा यायचा आहे. फ्रेमवर मी कॅमची नि कॉइलची, दोन्ही भोकं पाडून ठेवली आहेत.