कपाटाचें कुलूप

परहस्तीं गेलेलें पुस्तक परत येत नाहीं, आणि आलेंच तर फाटून येतें, असें सुभाषितकारांनीं फार पूर्वीं बजावून ठेविलें आहे. शाळेंत तीस वर्षें संस्कृत शिकविल्यामुळें हें वचन माझ्या अंगीं इतकें मुरलें होतें कीं, माझ्या ग्रंथांच्या कपाटाची किल्ली सदैव जानव्याला असे. या कुलपाची लाज मला एका लहान मुलीमुळें वाटूं लागली. ती हकीकत वाचकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु.

आमचे धाकटे चिरंजीव सैन्यांत आहेत. दोन वर्षांपूर्वीं त्यांची नेमणूक सरहद्दीवर अशा ठिकाणीं झाली कीं, तेथें कुटुंब नेतां येत नाहीं. तेव्हां सूनबाई आणि नऊ वर्षांची नात कारंज्यास आमच्याकडे राहावयास आल्या. वारंवारच्या बदल्यांमुळें मुलीच्या चार शाळा झालेल्या. हिंदी अस्खलित, इंग्रजी बरी, मराठी मात्र घरीं आलेल्या पाहुण्यासारखी. वडील रजेवर आले म्हणजे ती दाराआड उभी राही. रविवारीं त्यांचा फोन येई. "जेवलीस का? अभ्यास केलास का?" हे दोन प्रश्न आणि "हो" हें एक उत्तर, कीं संभाषण आटोपलें. सूनबाई तोंडानें कांहीं बोलत नसत. पण फोन ठेवतांच त्या लगबगीनें स्वयंपाकघरांत जात, त्याचा अर्थ आम्हां उभयतांस कळत असे.

मी पडलों मास्तर. माझ्या मतें उपाय एकच: शब्दरूपें आणि शुद्धलेखन. पंधरा दिवसांत मुलगी मला चुकवूं लागली.

एके दिवशीं सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, गांवांतलें वाचनालय कोणत्या वेळीं उघडतें?"

मला राग आला. घरांत भिंतभर ग्रंथ असतां बाहेर कशाला? त्या हळूच म्हणाल्या, "आपलीं पुस्तकें मोठ्यांचीं आहेत. शिवाय किल्ली मागावी लागते."

यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

पलटणीच्या वाचनालयांची सूनबाईंना संवय होती. दोन ट्रंकांत संसार बांधून जे तीन वर्षांनीं मुक्काम हलवितात, त्यांनीं ग्रंथसंग्रह करावयाचा कोठें? अशा घरांस सार्वजनिक ग्रंथालय ही चैन नसून गरज आहे, हें मला त्या दिवसापर्यंत सुचलें नव्हतें. आपल्या राज्यांत 1967 सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यान्वयें गांवोगांवचीं ग्रंथालयें अ, ब, क, ड या वर्गांत मान्यता पावलीं. घरीं पुस्तक न्यावयाचें तर थोडी वर्गणी व अनामत भरावी लागते. पण वाचनकक्षांत बसून वृत्तपत्रें व मासिकें वाचावयास पैसाहि पडत नाहीं. मायलेकी रोज सायंकाळीं तेथें जाऊं लागल्या.

रात्रीं सूनबाईंनीं मला मोबाइलवर आणखी एक भांडार दाखविलें. खरगपूरच्या आय.आय.टी.नें उभारलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय 2018 सालीं राष्ट्रास अर्पण झालें. तेथें नांव नोंदविण्यास मोल लागत नाहीं. आपला मराठी विश्वकोशहि असाच विनामूल्य उघडा आहे. ज्याला दाम नाहीं त्याला आपण किंमत देत नाहीं, हा आपला जुना दोष. मीहि आरंभीं "फुकटचें" म्हणून नाक मुरडलें.

पुढची युक्ति सूनबाईंची. साने गुरुजींनीं 1933 सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' 1935 सालीं प्रसिद्ध झाली. गुरुजी 1950 सालीं निवर्तले. साठ वर्षांनीं, 2010 च्या अखेरीस, स्वामित्वहक्क संपला व पुस्तक सर्वांचें झालें. चिरंजीवांनीं तें रजेवरून जातांना मोबाइलमध्यें उतरवून घेतलें. इकडे मुलीनें वाचनालयाची प्रत आणली. पुस्तकाचे भाग रात्रींचे आहेत, एकूण बेचाळीस. आठवड्याला एक रात्र उभयतांनीं वाचावी आणि रविवारीं तिजविषयीं बोलावें, असा करार ठरला.

पहिल्या रविवारीं मुलीनें विचारलें, "बाबा, तुम्ही रडलात का?" पलीकडे क्षणभर शांतता होती. मग उत्तर आलें, "हो." त्या दिवशीं संभाषण इतकें लांबलें कीं, पानावरचा भात निवाला.

नंतर हिमवर्षावामुळें तीन आठवडे फोन आला नाहीं. घरांत कोणी काळजीचें बोलत नसे, इतकेंच. चौथ्या रविवारीं घंटा वाजली. मुलगी म्हणाली, "बाबा, मी अकराव्या रात्रीच्या पुढें वाचलें नाहीं, तुम्ही मागें राहिला असता." चिरंजीव म्हणाले, "मीहि अकराव्यावरच थांबलों आहें." माजघरांत उभा राहून मीं तें ऐकलें. माझ्या शब्दरूपांनीं जें झालें नाहीं, तें वर्गणीच्या एका पुस्तकानें आणि विनामूल्य एका प्रतीनें केलें होतें.

मागील महायुद्धांत व त्यानंतर, 1943 पासून 1947 पर्यंत, अमेरिकेनें आपल्या सैनिकांस खिशांत मावतील अशीं 1322 पुस्तकें विनामूल्य वांटलीं. एकूण प्रती बारा कोटींवर गेल्या. त्या कालीं सैनिकाच्या हातीं पुस्तक पोंचविणें हेंच मोठें काम होतें. आज तेंच पुस्तक त्याच्या घरींहि त्याच वेळीं उघडतां येतें. ही सोय दाराशीं असतां ती न वापरणें म्हणजे नदीकाठीं तहानेलें बसणें होय.

आमच्या कारंज्याला तर हें नवें वाटूं नये. येथील जैन भांडारांत शतकानुशतकें बंदिस्त राहिलेल्या पोथ्यांपैकीं पुष्पदंताचें अपभ्रंश काव्य 'जसहरचरिउ' 1931 सालीं कारंजा जैन ग्रंथमालेंत डॉ. प. ल. वैद्यांनीं संपादून प्रसिद्ध केलें. कुलुपानें पोथी जगली, हें खरें. पण तिचें सार्थक कुलूप निघाल्यावर झालें.

माझ्या कपाटाची किल्ली आतां ओसरीवरच्या खुंटीला असते. शेजारीं एक वही ठेविली आहे. आळींतलीं दोन-तीन घरें फौजी आहेत. त्यांचीं मुलें येतात, नांव लिहितात, पुस्तक नेतात. आजवर एकच पुस्तक परत आलेलें नाहीं. सुभाषितकार अगदींच खोटे नव्हेत.

तें पुस्तक कोठें आहे हें मला ठाऊक आहे. गेल्या रजेच्या शेवटच्या दिवशीं नातीनें तें वडिलांच्या ट्रंकेंत, कपड्यांच्या तळाशीं, आपल्या हातानें ठेविलें. वहींत तिनें स्वच्छ मराठींत नोंद केली आहे: "बाबा. परत येतील तेव्हां."