वाकड्या हँडलची सायकल

आमच्या गावाच्या नावातच वाहन आहे. वऱ्हाडात धामणगावं एकाहून अधिक. एक धामणगाव बढे, ते बुलडाण्याकडे. एक धामणगाव गढी, ते अचलपूरकडे. घोटाळा नको म्हणून आम्ही आपल्या नावापुढे 'रेल्वे' लावतो. मुंबई-हावडा मार्गावर राहणाऱ्या माणसाने रेल्वे सोडून सायकलीच्या नादी लागावं, हे आमच्या सौ.ला पहिल्यापासून पटलेलं नाही. "गावाचं नाव धामणगाव सायकल असतं, तर गोष्ट वेगळी होती," असं तिचं म्हणणं.

त्यातून मी नऊ वर्षं जी सायकल चालवली, ती डोंगराची. दुकानदार तिला एमटीबी म्हणतो, गाव तिला रेंजर म्हणतं. आता धामणगावात डोंगर किती, असं विचाराल तर एकही नाही. खरा डोंगर पाहायचा तर मेळघाट गाठावा लागतो. आमच्या गल्लीतला सर्वांत उंच चढ म्हणजे आमच्याच घरासमोरचा गतिरोधक.

या सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातला. तिथे टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात काही रिकामटेकडी पोरं जुन्या, जाडजूड सायकली वर चढवायची आणि धुळीच्या रस्त्याने खाली सोडायची. १९७६ पासून त्यांनी शर्यतीच लावल्या. उतरून येईपर्यंत मागच्या चाकातल्या ब्रेकचं वंगण जळून धूर व्हायचा आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. आमच्या गावात अशा पोरांना बापाने दुसरं काहीतरी भरून दिलं असतं. अमेरिकेत त्यातून जगभराचा धंदा उभा राहिला.

तरी त्या सायकलीची निंदा माझ्याकडून होणार नाही. बाभळीचे काटे, पावसाळ्यातली काळी माती, रस्ता खणून विसरलेले खड्डे, सगळं तिने सोसलं. पण वजन पंधरा किलो, टायर दोन इंची, आणि पुढे शॉकअप. चढावर आपण जीव खाऊन पायडल मारावं आणि त्यातला काही जोर शॉकअपने मधल्या मध्ये खाऊन टाकावा. सरकारी अनुदान लाभार्थ्यापर्यंत कसं पोचतं, ते मला या सायकलीने समजावलं.

बाजारात जायला ती पुरेशी होती. प्रश्न ताईने उभा केला.

ताई माझी मोठी बहीण. यवतमाळला एकटी राहते, वय चौऱ्याहत्तर. मुलं पुण्याला. गेल्या वर्षी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, रोज चालायचं. ताई म्हणाली, हो. आणि खुर्चीत बसली ती बसलीच. वॉकर कोपऱ्यात उभा, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. मी एसटीने जायचो, उपदेश करायचो, ती चहा पाजायला लावायची, मी परत यायचो. एक दिवस फोनवर म्हणाली, "तू कायले सांगतं मले चालाले? तुले सायकल म्या शिकवली. कॅरिअर धरून धावली म्या तुझ्यामांगं. तू सायकलीवर ये यवतमाळले, मंग मी येतो फाटकापर्यंत."

ताई रागावली की शुद्ध वऱ्हाडीत येते. आणि एकदा बोलली की बदलत नाही.

धामणगाव ते यवतमाळ पंचेचाळीसेक किलोमीटर. यवतमाळ आमच्याहून बरंच उंचावर, म्हणजे जाताना चढ. आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. नऊच्या आत पोचायला हवं. मी रेंजर काढली आणि बाभूळगावपर्यंत जाऊन पाहिलं. तिथे चहा घेतला. घड्याळ पाहिलं, सूर्य पाहिला, माझ्या वयाची एकसष्ट वर्षं पाहिली, आणि परत फिरलो. त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, "मला रोडची सायकल घ्यायची आहे."

"आतापर्यंतची काय पाण्यावरची होती?" सौ. म्हणाली.

रस्त्यांचं म्हणाल तर आमचं नशीब मोठं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातूनच जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०२५ साली पुरा झाला. आरशासारखा गुळगुळीत. फक्त त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे जिलेबी ताटात, आणि डॉक्टर शेजारी. तेव्हा मला सायकल हवी होती ती साध्या, ठिगळांच्या रस्त्यासाठी.

अमरावतीच्या दुकानात एक चुणचुणीत मुलगा पुढे आला. "काका, रेस की एन्ड्युरन्स?" मी म्हटलं, "यवतमाळ."

त्याने आधी शर्यतीची दाखवली. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, तेही सीटच्या बरंच खाली. मी बसलो. पाठ अशी आडवी झाली की चौघांनी तिच्यावर पत्ते खेळावेत. समोरचा रस्ता पाहायला मान वर करावी लागे, आणि माझ्या मानेने हे काम निवृत्तीनंतर सोडलेलं आहे. मुलाने धीर दिला, "काका, आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अख्खी अमेरिका अशीच पार केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याने, बारा दिवसांच्या आत!" मी त्यांना मनोमन नमस्कार केला. पण त्यांना फाटकात उतरल्यावर बहिणीचं सगळं बोलणं ऐकून घ्यायचं नव्हतं. माझ्या अंगात तेवढं त्राण शिल्लक राहायला हवं.

मग दुसरी जात निघाली. हँडल तसंच वाकडं, पण चार बोटं वर आणि जरा जवळ. इथे मला एक गोष्ट कळली: डोंगरी सायकलीचं माप रोडच्या सायकलीला चालत नाही. वाकडं हँडल पुढे पसरलेलं असतं, हात लांब जातात. चपलेचा नंबर चुकला तर पायाला फोड येतो. सायकलीचा नंबर चुकला तर मान, कंबर आणि मनगट मिळून मोर्चा काढतात. म्हणून मी एका मापाची सायकल गल्लीत वीस मिनिटं फिरवली, मग दुसऱ्या मापाची वीस मिनिटं. धाकटी निवडली. मुलगा घड्याळ पाहत होता, पण साडी निवडणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून मी तीस वर्षं काढली आहेत. मला लाज वाटेनाशी झाली आहे.

पुढचा वाद दात्यांचा. त्याच्या मते मागे सर्वांत मोठं चाक अठ्ठावीस दात्यांचं बस्स. "पोटऱ्या तयार होतील, काका!" माझ्या पोटऱ्या तयार व्हायच्या असत्या तर आतापर्यंत झाल्या असत्या. मी पुढे लहान चाक चौतीस दात्यांचं आणि मागेही चौतीसचं मागितलं. पायडलचा एक फेरा, चाकाचाही एकच फेरा. चढावर माणूस हळू जातो, पण जातो.

टायरचं शास्त्र तर पार उलटं निघालं. पूर्वी तेवीस मिलिमीटरचे दोरीसारखे टायर म्हणजे वेग, अशी समजूत होती. आता व्यावसायिक शर्यतवालेसुद्धा अठ्ठावीसच्या पुढे सरकले आहेत, कारण खडबडीत रस्त्यावर टणक टायर उड्या मारतो आणि त्या उड्यांत जोर वाया जातो. मी बत्तीसचे घेतले, आणि फ्रेममध्ये ते बसून वर बोटभर जागा उरते ना, हे बोट घालून पाहिलं. कार्बनची सायकलही उचलून पाहिली. एका हाताने उचलली गेली. किंमत दोन्ही हातांनी उचलेना. अॅल्युमिनियमची घेतली. तिची किंमत इथे लिहीत नाही. हा लेख सौ. वाचते.

धामणगावात आमचा पंक्चरवाला बराच वेळ सायकलीभोवती फिरला. "गुरुजी, हे टायर हाय का बांगडी?" मग व्हॉल्व्ह पाहिला. तो बारीक, सुईसारखा. टोकाची चकती सैल केल्याशिवाय हवाच घेत नाही. "हवा कुठून भराव जी याच्यात?" त्यासाठी दुकानातून एक छोटी पितळी टोपी आणली होती. ती लावली की गावातला पंपही चालतो. या वाहनाचा सर्वांत स्वस्त भाग तो, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. रस्त्यातल्या गावाचंच नाव बाभूळगाव, तेव्हा काटे गृहीत धरून दोन जादा ट्यूबही बरोबर घेतल्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. बाभूळगावला चहा घेतला आणि या वेळी पुढे गेलो. नंतरच्या चढावर चौतीस-चौतीसने इमान राखलं. एक ट्रॅक्टरवाला बराच वेळ शेजारून चालला होता, त्याने विचारलं, "कोन्या यात्रेले जी?" मी म्हटलं, "बहिणीकडे." तो म्हणाला, "मंग बराबर हाय."

साडेआठला गल्लीत वळलो. फाटकाशी ताई उभी होती. एक हात वॉकरवर, एक फाटकाच्या कडीवर, कपाळावर घाम. खुर्चीपासून फाटकापर्यंत एकोणतीस पावलं. तिने मोजली होती. मी सायकल भिंतीला टेकवली. ताईने ती खालपासून वरपर्यंत पाहिली.

"कारे, इतके पैसे घेतले अन् हँडल उलटं बसवून देल्लं?"

मी समजावलं. तिला पटलं नाही. पण पुढच्या रविवारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत येते, म्हणाली. मी शनिवारीच हवा पाहून ठेवली आहे.