आप्पांच्या बुलेटचा मीटर

जुन्या मोटारसायकलचा रंग, क्रोम, सीट हे सगळं पैसे मोजले की नवं होऊन मिळतं. मीटरचं तसं नाही. तरीही गाडी दुरुस्तीला निघाली की पहिल्यांदा मीटरच जातो. नवा मीटर बाजारात मिळतो, अर्ध्या तासात बसतो आणि जुना भंगाराच्या गोणीत पडतो. मला हे मान्य नाही. गाडी किती चालली याची तिच्याजवळची एकमेव नोंद मीटरच्या पोटात असते. म्हणून आमच्या आप्पांची बुलेट उभी करायला घेतली तेव्हा घरात सांगूनच टाकलं, बाकी काहीही बदला, मीटर आणि अ‍ॅम्पिअर मीटर तेच राहणार.

गाडी 1978ची, मद्रासच्या एन्फिल्ड इंडियाची, साडेतीनशे सीसी, सहा व्होल्टची. तिच्या नोंदणी पुस्तकात जिल्हा कुलाबा लिहिलेला आहे, कारण कुलाब्याचं रायगड झालं ते 1981 साली. आप्पा रसायनीला पाळीवर जायचे. आमच्या जिते गावाहून खारपाडा, पाताळगंगेवरचा पूल आणि पुढे कारखाना, भातशेतीच्या दिवसांतही हा रस्ता चुकला नाही. आता गुडघ्यांमुळे त्यांना किक मारता येत नाही. गाडी पडवीत होती. काचेच्या आतून शेवाळासारखा हिरवट थर आलेला, काटा वीस आणि तीसच्या मध्ये अडकलेला, खालचे आकडे 41,386 वर थांबलेले.

बुलेटच्या हेडलाइटचा डोम ही जागाच मोठी देखणी. मध्ये स्पीडोमीटर, बाजूला छोटा अ‍ॅम्पिअर मीटर, चावीची जागा आणि वर दोन बारीक पायलट दिवे. इंग्लंडात रेडिचला बनलेल्या बुलेटना स्मिथ्स कंपनीचे मीटर असत. 1955 साली मद्रास मोटर्सबरोबर इथे एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, हळूहळू सुटे भाग इथेच व्हायला लागले, पण डोमची मांडणी तीच राहिली. तिथे आधुनिक मीटर बसवला की सगळा चेहराच परका दिसतो.

आमच्याकडे मीटर मरतो तो मुख्यतः हवेनं. जिते खाडीपासून लांब नाही. वारा खारा, त्यात चार महिने पाऊस. मीटरची क्रोमची रिंग आधी फुलते, मग रबराचं वायसर कडक होऊन तडकतं आणि ओल आत शिरते. बरेच जण यावर उपाय म्हणून मीटर चारी बाजूंनी सिलिकॉननं बंद करतात. त्यानं उलटंच होतं. दिवसा इंजिन आणि उन्हानं आतली हवा तापते, रात्री गार होते, ओलीचं पाणी होऊन काचेला धरतं आणि त्याला बाहेर जायला वाट राहत नाही. वरून पाणी शिरू नये, पण खाली श्वासाचं भोक असेल तर ते मोकळंच हवं.

रिंग उघडणं हे या कामातलं सगळ्यात चिकाटीचं. ती स्क्रूची नसते, तिची कड मागच्या बाजूला डब्यावर दाबून वळवलेली असते. बोथट स्क्रूड्रायव्हरनं ती कड थोडी उचलायची, मीटर जरा फिरवायचा, पुन्हा थोडी उचलायची. एका जागी जोर केला तर पत्रा फाटतो. पूर्ण वेढ्यातून कड हळूहळू सैल झाली की रिंग सुटते. मग काच, आतली कडी आणि शेवटी तबकडी. काटा काढण्याआधी तो कुठे टेकतो त्याची खूण केली आणि सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. काटा उपटायचा नसतो. तबकडीवर मऊ कापड ठेवून दोन चमचे दोन्हीकडून सारखे दाबले की तो दांडीवरून सरळ वर येतो.

आतलं यंत्र पाहून थक्क व्हायला होतं. चाकाकडून येणारी केबल एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते आणि दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, तरी चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ते वाटीला चुंबकामागे ओढतात. केसाएवढी बारीक स्प्रिंग वाटीला मागे खेचून धरते. या ओढाताणीत वाटी जिथे स्थिरावते तिथे काटा थांबतो. वेग दुप्पट झाला की ओढही दुप्पट होते, म्हणून तबकडीवरचे आकडे सारख्या अंतरावर येतात. ओटो शुल्त्से नावाच्या जर्मन माणसानं याचं पेटंट 1902 साली घेतलं आणि शंभर वर्षं जगभरच्या गाड्या त्यावर चालल्या. बॅटरी नको, तार नको.

आमचा काटा अडकला होता तो ग्रीसमुळे. केबल फिरताना स्क्रूसारखी ग्रीस वर ओढते. कधीतरी कुणी मेकॅनिकनं प्रेमानं भरपूर ग्रीस भरलं असणार. ते चढत चढत मीटरमध्ये गेलं, चुंबक आणि वाटीमधल्या फटीत बसलं आणि वर्षानुवर्षांत लाखेसारखं घट्ट झालं. केबलच्या वरच्या टोकाची वीतभर लांबी जवळपास कोरडी ठेवायची, ही साधी गोष्ट गॅरेजमध्ये फार थोडे जण पाळतात. काटा वेगात गरगर फिरून शेवटच्या आकड्याला जाऊन आपटत असेल तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. काटा नुसता थरथरत असेल तर केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी मुरडली आहे असं समजावं. अर्थात आमच्या महामार्गावर थरथरीचं तिसरं कारणही आहे. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं आणि त्या रस्त्यानं आमच्या पिढीची कितीतरी वर्षं, कितीतरी गाड्या आणि माणसंही खाल्ली. खड्ड्यात काटा नाचला तर दोष मीटरचा नाही.

वाटी आणि स्प्रिंगला हात लावायला मी पेणच्या एका घड्याळजी काकांकडे गेलो. मोबाइल आल्यापासून त्यांच्याकडचं काम निम्म्यावर आलंय. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, स्प्रिंग पाहिली आणि म्हणाले, "ही शाबूत आहे. हिला फक्त धुवायचंय. ओढूबिढू नको हां." वाटी मोकळी झाली तेव्हा त्यांनी तिच्यावर हळूच फुंकर मारली. ती फिरली आणि स्प्रिंगनं आपसूक परत आली. दांडीच्या टेकूला त्यांनी सुईच्या टोकानं घड्याळाच्या तेलाचा एक थेंब दिला, एकच. पैसे विचारले तर त्यांनी आधी आकड्यांच्या चाकांकडे बोट केलं, ते राहिलंय म्हणाले.

आकड्यांच्या चाकांचं काम त्यांच्याच टेबलावर झालं. पाच चाकं, मध्ये बारीक दातेरी चक्र्या. एक चाक पूर्ण फिरलं की पुढचं एक घर सरकतं. एका चक्रीचा दात झिजला होता, ती त्यांनी दुसऱ्या मोडक्या मीटरमधून काढून बसवली. चाकं सुटी झालेलीच होती, तेव्हा तिथे शेजारी बसलेल्या एकानं सुचवलं, "शून्य करून टाका की, नवी गाडी!" मी नाही म्हटलं. पाच आकड्यांचा मीटर 99,999 नंतर पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळे आमचं 41,386 हे खरं तर एक लाख एकेचाळीस हजारही असू शकेल. आप्पांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, "एकदा फिरलाय तो. वडखळच्या पुढं फिरला, मी गाडी थांबवून बघितला होता." अशी नोंद पुसून टाकणं मला चोरीच वाटते. विकायची गाडी असेल तर ती सरळ फसवणूकच आहे.

आता तबकडी. पांढरे आकडे पिवळे पडून सोलले होते, काळा रंग मात्र बऱ्यापैकी होता. थिनर, पेट्रोल, काच पुसायचं औषध, काहीही लावलं की आकडे कापसावर येतात, म्हणून ओल्या कापसाच्या बोंडानं, न घासता, फक्त धूळ उचलली. बाजारात छापील स्टिकर मिळतात, पण त्यांची चमक आणि अक्षरांचं वळण वेगळं. आणि आमच्या शेजारी हमरापूर आणि जोहे असताना मी स्टिकर का लावू? पेणच्या गणपतीची कीर्ती ज्या हातांमुळे आहे ते हात आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. या गावांत घरोघरी कारखाने, आणि प्रत्येक कारखान्यात डोळे आखणारा कारागीर वेगळा. अख्खी मूर्ती कितीही सुबक असो, डोळा आखला की ती पाहायला लागते.

हमरापूरच्या एका कारागीर दादांकडे तबकडी घेऊन गेलो तो भर आषाढात. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "गनपती जाऊ दे, मंग ये." गेलो. त्यांनी तबकडी उजेडात तिरकी धरली, आकड्यांच्या उरलेल्या कडा पाहिल्या आणि म्हणाले, "याला डोल्याचाच हात लागंल." आधी त्यांनी पांढऱ्यात पिवळ्याचा कण मिसळून जुन्या आकड्यांच्या रंगाशी जुळवला. कोरा पांढरा लावला असता तर दुरुस्ती दुरूनही दिसली असती. मग सगळ्यात बारीक ब्रश, श्वास धरून, एक रेघ. जिथे जुना रंग टिकून होता तिथे त्यांनी ब्रश टेकवलाच नाही, फक्त तुटलेली जागा भरली. त्यांना हे शिकवायला कुठलं पुस्तक लागलं नाही. मूर्ती दुरुस्त करताना ते हेच करतात. सगळं नव्यानं रंगवणं सोपं होतं, त्यांनी अवघड ते केलं.

इथे एक इशारा. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या ब्रिटिश गाड्यांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. तो चमकेनासा झाला तरी किरणोत्सर्ग संपत नाही, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षांचं आहे. असा रंग खरवडू नये, त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नये. आमच्या गाडीला तो प्रश्न नव्हता.

अ‍ॅम्पिअर मीटरकडे फार कुणी लक्ष देत नाही. खरं तर बुलेटवर रोज पाहावा असा तोच. मध्ये शून्य, काटा एका बाजूला गेला तर बॅटरीत वीज भरतेय, दुसऱ्या बाजूला गेला तर रिकामी होतेय. रात्रपाळीहून येताना दिवा लावून गाडी मंद चालली की काटा उलटा जायचा आणि आप्पा एक गिअर खाली घेऊन इंजिन चढवायचे. आमच्याकडे त्याच्या मागचे पितळी खिळे हिरवे झाले होते आणि त्यांच्याखालचे इन्सुलेशनचे वायसर कुजले होते. ही जागा धोक्याची. गाडीचा बहुतेक सगळा करंट इथून जातो, आणि खिळा डोमच्या पत्र्याला टेकला तर वायरिंग जळतं. नवे वायसर घातले, टोकं घासून चकचकीत केली आणि गाडीत एक फ्यूजही घातला. तपासणी सोपी. 6 व्होल्टची बॅटरी, 12 वॅटचा बल्ब आणि मीटर एका रांगेत जोडले. 12 भागिले 6, म्हणजे 2 अ‍ॅम्पिअर. काटा दोनवर आला.

राहिलं ते स्पीडोमीटरचं खरेपण. अनेक मीटरवर किलोमीटरला केबलचे किती फेरे हवेत ते ठरलेलं असतं. समजा ते 1000 असतील तर ताशी 60ला केबल मिनिटाला 1000 फेरे मारणार, कारण 60 म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. वेग माहीत असलेल्या ड्रिल मशीननं मीटर फिरवला की टेबलावरच कळतं. आमच्या मीटरवर आकडा पुसला गेला होता, म्हणून उलटा हिशोब मांडला. अंगणात चाक ढकलत नेऊन त्याचा परीघ मोजला, तो दोन मीटरच्या आसपास, आणि चाकामागे केबल किती फिरते ते खुणेनं मोजलं. जुन्या चुंबकाची ताकद घटलेली असेल तर काटा कमी दाखवतो, आणि कमी दाखवणारा मीटर घातक. युरोपच्या नियमात तर मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला मुळीच परवानगी नाही, जास्त मात्र वेगाच्या दहाव्या भागात चार मिळवून येईल तितकं चालतं. घड्याळजी काकांनी स्प्रिंगचं टोक अगदी किंचित हलवलं. शेवटी रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहिलं. खरा वेग 40 असताना काटा 43 दाखवतो. मी तो तिथेच राहू दिला.

रिंग पुन्हा दाबायच्या आधी मीटर दिवसभर कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवला. रबराचं वायसर नवं घातलं. डब्याच्या आतला पांढरा रंगही पुन्हा दिला, कारण बल्बचा मिणमिणता उजेड तिथूनच तबकडीवर परततो.

पेणच्या आरटीओत, म्हणजे एमएच-06 मध्ये, नोंदणीचं नूतनीकरण झालं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 117व्या नियमानुसार गाडीला चालता स्पीडोमीटर हवाच. 2028 साली गाडीला पन्नास वर्षं पूर्ण होतील. 2021च्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तशी गाडी नेहमीच्या कामाला वापरता येत नाही, म्हणून आप्पा त्याला तयार नाहीत. मला त्यांचं पटतं.

तुमच्या पडवीत किंवा गोठ्यात अशी एखादी गाडी असेल तर एवढंच करा. नवा मीटर बसवायचाच असेल तर बसवा, पण जुना काढण्याआधी त्याच्या आकड्यांचा फोटो घ्या, तारीख लिहा आणि मीटर कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका. दुरुस्त करणारे हात अजून आपल्या तालुक्यांत आहेत, पण घड्याळजींची दुकानं बंद होत चालली आहेत, तेव्हा हे काम लवकर करून घ्या.