नकाशातलं शहाड

अंबरनाथहून रोज मुंबई गाठणाऱ्या माझ्यासारख्याला डब्यात लावलेला लोकलचा नकाशा पाठ असतो. कल्याणला दोन फाटे फुटतात. एक विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतला जातो. दुसरा शहाड, आंबिवली, टिटवाळा करत कसाऱ्याला.

याच नकाशाच्या भरवशावर मी बदलापूरच्या धाकट्या फुफींना ऑफिसातून फोन केला. "फुफी, कल्याणला उतरा, तिथून कसाऱ्याकडची गाडी. पहिलंच स्टेशन शहाड." मोठ्या फुफी महिन्याभरापूर्वीच मुलाकडे, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये शहाड स्टेशनजवळ राहायला आल्या होत्या. त्या सकाळी त्यांचा इंतकाल झाला. असरनंतर जनाजा उठणार होता.

धाकट्या फुफी पोचल्या तेव्हा जनाजा निघून गेला होता. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या कल्याणचा पूल चढल्या-उतरल्या, मग गाडीची पाऊण तास वाट पाहत बसल्या. सख्ख्या बहिणीचा चेहरा शेवटचा पाहायचा राहिला तो राहिलाच.

शेजारच्या एका बाईंनी सहज विचारलं, "उल्हासनगरलाच उतरून रिक्षा नाही का केली?" शहाड आणि उल्हासनगर, दोन्ही स्टेशनं एकाच गावाच्या दोन बाजूंना; मध्ये तीनेक किलोमीटर. नकाशात मात्र दोघं एकमेकांकडे पाठ करून दोन दिशांना निघालेले.

नकाशाला खोटं म्हणता येत नाही. असा सरळ रेषांचा नकाशा लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं काढला. १९३३ मध्ये तो छापून प्रवाशांच्या हाती आला. जमिनीखालच्या प्रवाशाला वरचे रस्ते दिसत नाहीत. स्टेशनांचा क्रम आणि गाडी कुठे बदलायची, एवढं कळलं की त्याचं भागतं. आपल्या गर्दीतही मान वर करून तेवढंच वाचता येतं. अंतरं खरी दाखवली तर विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही नावं एकमेकांवर चढतील, मध्ये दोनच किलोमीटर. अंबरनाथ ते बदलापूर मात्र आठ. पण आपली लोकल भुयारातून जात नाही, आणि स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या असतात. हे मला, रोजच्या प्रवाशाला, सुचायला हवं होतं.

मगरिबनंतर परत जाताना मी फुफींना रिक्षात बसवून उल्हासनगर स्टेशनवर आणलं. रिक्षा थांबली तशी त्यांनी बाहेर पाहिलं.

"आलं सुद्धा?" त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ उतरल्याच नाहीत.