पोलीस लाईनीचं देणं

दर २१ ऑक्टोबरला जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात हुतात्मा दिन पाळतात. १९५९ साली याच तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस जवान पडले, तेव्हापासूनची ही रीत. ‘शोक शस्त्र’चा हुकूम सुटतो, वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचली जातात. वेळ असेल तेव्हा मीही जाऊन कडेला उभा राहतो. माझ्या माणसांची नावं त्या यादीत यायची नाहीत. ती अठ्ठावन्नाव्या वर्षी रीतसर निवृत्त झाली आणि मग साखरेनं, हृदयविकारानं, करोनानं गेली. खात्यापुरता तो पेन्शनच्या फायलीचा विषय.

लातुरात आमच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान पोलीस लाईनीच्या तोंडाशीच होतं. खाकी शिवायची, उधारीवर शिवायची आणि पगाराची वाट बघायची. ती उधारी वसूल होण्याचं श्रेय ड्युट्या लावणाऱ्या हजेरी मेजरांना. एक तारखेनंतर कुणी दुकानाला वळसा घालून जायला लागला की दुसऱ्या दिवशी त्याला नेमकी रात्रीची गस्त लागायची. वडील कधी बोलले नाहीत, मेजरही नाहीत. त्यांच्या घरचा गणपती आम्ही पोरंच विसर्जन करायचो, कारण अनंत चतुर्दशीला ते दुसऱ्यांचे गणपती सांभाळत चौकात उभे असायचे. निवृत्तीनंतरचा पहिला गणपती मात्र त्यांनी स्वतः डोक्यावर घेतला. दुसरा आलाच नाही त्यांच्या वाट्याला.

१९९३ साली असाच विसर्जनाचा बंदोबस्त उरकून लाईन पहाटे आडवी झाली होती. ३० सप्टेंबर, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आमच्याकडे भांडी पडली, भिंतीला चीर गेली. भूकंपानं किल्लारीकडे काय झालं ते उजाडल्यावर कळलं. माझी मावशी तेरणाकाठच्या गावात दिलेली. मी दहावीला होतो. वडील धावतच लाईनीत गेले, तर जमादारकाका रात्रीच्याच गणवेशात गाडीत चढत होते. नियमात बसत नव्हतं, तरी म्हणाले, “बसा मागं. लेकराला पुढं घ्या.”

गाव उरलंच नव्हतं. माळवदाची घरं, हात-दीड हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर मातीचा थर. सगळं झोपलेल्या माणसांवर आलेलं. त्या पहाटे लातूर आणि शेजारच्या जिल्ह्यात मिळून हजारोंनी माणसं गेली. पुढे पाऊस लागला. सरणाला लाकूड नव्हतं, तेव्हा पडक्या घरांच्याच तुळया ओढून आणल्या. मावशी अंगणात बाजेवर झोपल्यामुळे वाचली होती. मावसे, मुलगा आणि महिन्याची मुलगी आत होते.

जमादारकाकांनी कुठल्याशा दप्तरातली शाळेची वही मिळवली होती. मी त्यांच्यावर छत्री धरून उभा. प्रत्येक मयताला अग्नी देण्याआधी ते थांबवायचे. नाव, बापाचं नाव, वय, अंगावर काय, ओळखलं कुणी. लोक ओरडायचे, वास सुटला होता, एका अधिकाऱ्यानंही ‘मागून लिहा’ म्हणून सांगितलं. काका “होय साहेब” म्हणाले आणि लिहीत राहिले. मावशीपाशी आले तेव्हा म्हणाले, “अक्का, रडा पोटभर. पर आधी नावं सांगा.” तिनं दोन सांगितली. मुलीचं बारसं व्हायचं होतं. काकांनी लिहिलं, ‘स्त्री जातीचे अर्भक, वय अंदाजे एक महिना.’ मग पेन तसंच धरून विचारलं, “काय ठेवणार होतात?” मावशीनं सांगितलं. ते नाव त्यांनी पुढे कंसात लिहिलं.

नंतर मदतीच्या याद्यांवरून गावात बरीच भांडणं झाली. कुणाचा मेलेला माणूस यादीत नाही, कुणाचा दोनदा. मावशीला एकही चक्कर जास्त मारावी लागली नाही, कारण तिघंही वहीत होते. नव्या गावठाणात तिला घर मिळालं. ती अजून तिथंच राहते.

जमादारकाका एप्रिल २०२१ मध्ये गेले. दुसरी लाट. महापालिकेच्या माणसांनी सगळं उरकलं, मुलाला लांबून बघू दिलं. मागे काकूंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं अडलं, कारण सेवापुस्तकात त्यांचं नाव माहेरचं होतं आणि आधारवर सासरचं. प्रतिज्ञापत्र मी केलं. ज्या कचेरीनं आठ महिने झुलवलं तिच्याबद्दल इथं लिहीत नाही, कारण काकूंना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो.

मी वकील झालो तो लाईनीतल्याच फौजदारसाहेबांमुळे. शिपाई म्हणून भरती होऊन, खात्याच्या परीक्षा देत फौजदार झालेला माणूस. निवृत्त झाल्यावर ओट्यावर बसून असायचे. मी एलएलबीला होतो. एकदा म्हणाले, “कलमं कुणीही पाठ करतं. ह्या ओट्याचा पंचनामा लिही.” मी लिहिला. पूर्वेस तुळस, पश्चिमेस सायकल, उत्तरेस भिंत. वाचून म्हणाले, “मांजर कुठंय?” म्हटलं, ते गेलं निघून. “पाहिलंस तेव्हा होतं ना? मग?” तिसऱ्या खेपेला पास केलं. आज साक्षीदार अंमलदाराला मी पिंजऱ्यात जे प्रश्न विचारतो, त्यातले निम्मे त्या मांजराचेच असतात.

ही माणसं संत नव्हती. ठाण्यात बसून लिहिलेले पंचनामे आणि ठेवणीतले पंच मी रोज बघतो, आणि आमच्या लाईनीत ते होतच नसत असं म्हणायला मी धजणार नाही. फौजदारसाहेबांचा हात चालायचा. एका पोराला त्यांनी अंदाजानं बडवलं होतं, खरा चोर नंतर सापडला. ते स्वतःच हे सांगायचे आणि पुढे काही बोलायचे नाहीत. मीही तिथं त्यांची वकिली करणार नाही.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेच बदलले. अकस्मात मृत्यूच्या चौकशीचं १७४ आता १९४ झालं. जमादारकाका असते तर म्हणाले असते, “कलम बदललं म्हून मढं बदलतंय का?”

फौजदारसाहेबांचा मुलगा आता खात्यातच अधिकारी आहे. परवा तोच माझ्यासमोर साक्षीला. पंचनाम्याची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळत नव्हती, आणि मी त्याला सोडला नाही. आरोपी सुटेल बहुधा. कोर्टाच्या कँटीनमध्ये चहा माझ्यापुढं सरकवत तो म्हणाला, “काका, बाबा असते तर आज तुमच्या बाजूनं बोलले असते.”

“इथं बोलले नसते,” मी म्हणालो. “घरी गेल्यावर तुला बोलले असते.”