व्हायोलिन कोणाच्या हुकमाने वाजतंय?

गुलामगिरीवरच्या चित्रपटाच्या शेवटी कोरस हवाच, या मताचा मी बरीच वर्षं होतो. कोणता कोरस, हेही ठरलेलं होतं. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'आमिस्ताद'मधला, जॉन विल्यम्सने केलेला. चित्रपट १९९७चा. आफ्रिकेतून पळवून आणलेले मेंडे लोक क्यूबाजवळच्या समुद्रात जहाजावर उठाव करतात, अमेरिकेच्या हाती सापडतात, खटला थेट सर्वोच्च न्यायालयात जातो, माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स त्यांची बाजू मांडतात आणि ते सुटतात. आयव्हरी कोस्टचे कवी बर्नार दादिए यांच्या कवितेचं मेंडे भाषेतलं रूप विल्यम्सने मुलांच्या कोरसला दिलं. ढोल, बासरी, वर चढत जाणारे आवाज. एकही शब्द कळत नसताना डोळे भरून यायचे, आणि संगीताने याहून वेगळं काय करायचं असतं, असं मी कुणाशीही भांडायला तयार असायचो.

त्यामुळे २०१३ साली स्टीव्ह मॅक्वीनचा 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' आला, तेव्हा माझी निराशा झाली. संगीत हान्स झिमरचं. मुख्य धून चार-पाच सुरांची, त्याच्याच 'द थिन रेड लाइन' आणि 'इन्सेप्शन'ची आठवण करून देणारी. आणि नेमके जिथे संगीताने उभं राहायला हवं तिथे ते गप्प. नायकाला फास लावून झाडाला लटकवलंय, पायाची बोटं कशीबशी चिखलाला टेकतायत, तो गुदमरतोय. आणि कानावर काय, तर किड्यांची किरकिर आणि मागे खेळणाऱ्या पोरांचा आवाज. 'ऑस्करला या संगीताचं साधं नामांकनही नाही, ते उगाच नव्हे,' असं मी मित्रांना ऐकवत असे.

मत हललं ते आधी एका तारखेमुळे. चित्रपट ज्यावरून केला ते सॉलोमन नॉर्थपचं १८५३चं आत्मकथन मी उशिरा वाचलं. न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जचा हा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस. बायको, तीन मुलं, आणि हातात व्हायोलिन. सर्कशीत वाजवायचं काम देतो म्हणून दोघांनी त्याला वॉशिंग्टनला नेलं. तो तिथे पोचला एप्रिल १८४१च्या सुरुवातीला. 'आमिस्ताद'चा निकाल लागला होता ९ मार्च १८४१ला, त्याच शहरात. सर्वोच्च न्यायालय तेव्हा कॅपिटॉलच्या इमारतीतच भरत असे. नॉर्थप शुद्धीवर आला तो बेड्यांत, गुलामांच्या एका कोंडवाड्यात, आणि तो कोंडवाडा कॅपिटॉलच्या नजरेच्या टप्प्यात होता.

म्हणजे ज्या निकालावर माझा लाडका कोरस उभा होता, त्याची शाई वाळते न वाळते तोच शेजारी एक स्वतंत्र माणूस विकायला काढला जात होता. मग मी तो निकाल नीट समजून घेतला. आमिस्तादवरचे लोक सुटले, कारण त्यांना आफ्रिकेतून आणणं स्पेनच्याच कायद्याने बेकायदा होतं. ते कधी कायदेशीर गुलाम नव्हतेच. अमेरिकेत तेव्हा सुमारे २५ लाख लोक गुलामीत होते, त्यांच्या वाट्याला त्या निकालातून काही आलं नाही. उठावाच्या दोन वर्षांनंतर जिवंत उरलेले पस्तीस जण सिएरा लिओनकडे निघाले, ही खरोखर मोठी गोष्ट. पण विल्यम्सचा कोरस त्या पस्तिसांपुरता गात नाही. तो अख्ख्या आफ्रिकेचे अश्रू पुसायला निघतो, आणि ऐकणाऱ्या माझेही पुसून मला हलकं करून घरी पाठवतो.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. मी व्हायोलिन वाजवतो. लग्नाच्या रिसेप्शनपासून जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांपर्यंत मिळेल ती सुपारी घेतो. समोरचे कसे नाचतायत यावर लय ओढायची, जेवणं सुरू झाली की आवाज खाली आणायचा, हे अंगवळणी पडलंय. गुलामाच्या जगण्याशी याची बरोबरी मी करणार नाही. मी पाकीट घेऊन घरी जातो, आणि नकोशी सुपारी नाकारू शकतो. पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून वाजणारं वाद्य कसं ऐकू येतं, हे मला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही मॅक्वीनचा चित्रपट पहिल्यांदा पाहताना मी पार्श्वसंगीतच ऐकत बसलो होतो. पडद्यावर जे वाजत होतं, त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्यांदा पाहिला तो पडद्यावरच्या वादकासाठी. न्यू ऑर्लिन्सला गुलामांचा बाजार मांडलाय. एलायझा नावाच्या बाईपासून तिची मुलं तोडून विकली जातायत, ती आकांत करतेय, आणि व्यापारी सॉलोमनला व्हायोलिन वाजवायला सांगतो. गिऱ्हाइकांना रडं ऐकू जाऊ नये म्हणून. पुढे कापसाच्या मळ्यावर एप्स नावाचा मालक दिवसभर राबलेल्या माणसांना मध्यरात्री उठवून नाचायला लावतो, आणि त्या नाचाला साथ सॉलोमनचीच. एका गोऱ्या न्यायाधीशाकडे कामाला असताना तो शेजारच्या मेजवानीत वाजवतो. ती कमाई त्याची त्याला ठेवायला मिळते. म्हणजे ज्या वाद्याच्या आमिषाने त्याला पळवलं, तेच त्याला चार पैसे देतं, थोडी बरी वागणूक देतं, आणि तेच इतरांच्या छळाला ताल धरतं. शेवटी तो ते आपटून फोडतो, तेव्हा वादक म्हणून मला आधी वाद्याची हळहळ वाटली होती. आता वाटतं, इतकं सगळं करायला लावलेलं वाद्य हातात धरवलं तरी कसं असेल?

सुतारकामावरचा गोरा मुकादम टाळ्या वाजवायला लावून गाणं म्हणतो तेही असंच. पळून जाणाऱ्याला धमकावणारं ते गाणं चालीला इतकं चटपटीत आहे की पाय ठेका धरतो, आणि धरला की लाज वाटते. या चित्रपटात संगीत निष्पाप नाही. ते मळ्यावरच्या कामाचा भाग आहे, मालकाची मालमत्ता आहे. असं असताना फासाच्या प्रसंगावर झिमरने व्हायोलिनचा एक जरी सूर टाकला असता, तरी प्रश्न उरला असता, हे कोणाच्या सोयीसाठी वाजतंय? उत्तर एकच, प्रेक्षकाच्या. तेव्हा त्याचं गप्प बसणं आता मला पटतं.

मग या चित्रपटात कोणाचं स्वतःचं असं गाणं आहे की नाही? आहे. शेतात कोसळून मेलेल्या एका म्हाताऱ्याला मूठमाती देताना सगळे 'रोल, जॉर्डन, रोल' म्हणतात. गुलामांच्या गाण्यांचा अमेरिकेतला पहिला मोठा संग्रह १८६७ साली निघाला, त्यातलं पहिलंच गाणं हे. गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ला, एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ला. त्या माणसांनी मळ्यावर ते कसं म्हटलं, याचं ध्वनिमुद्रण असणं शक्यच नव्हतं. त्यामुळे पडद्यावर गायली-वाजवली जाणारी चीज निकोलस ब्रिटेलने अंदाजाने, अभ्यासाने नव्याने बांधली. त्या गाण्यात सॉलोमन आधी ओठ मिटून उभा असतो. आपण यांच्यातले नाही, आपण स्वतंत्र, आज ना उद्या सुटणार, हा त्याचा आधार. हळूहळू तो गाऊ लागतो, आणि चेहऱ्यावर राग, शरम, शरणागती असं बरंच काही येऊन जातं. हा कोरसच आहे. फक्त तो सुटका झाल्यावर येत नाही. सुटकेची आशा सोडून इतरांत सामील होताना येतो. तिथे डोळे भरून आले तरी हलकं वाटत नाही.

झिमरच्या मुख्य धुनेबद्दल माझं मत बदललेलं नाही. ती उसनी वाटते, आणि शेवटी सॉलोमन घरी परततो तिथे कमी वाजली असती तर बरं झालं असतं. 'आमिस्ताद'चा कोरसही मी टाकून दिलेला नाही. समूहाचे आवाज कसे बांधावेत हे शिकायला त्याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. पण संगीत किती रडवतं, यावर अशा चित्रपटाला गुण द्यायचं मी सोडलंय. आधी पाहतो, पडद्यावर कोण वाजवतंय आणि थांबायची मुभा त्याला आहे का. १८४१ सालच्या वॉशिंग्टनमध्ये निकाल देणारं न्यायालय होतं आणि माणसं विकणारा कोंडवाडाही होता. यातल्या एकाचंच संगीत मला इतकी वर्षं पुरत होतं, ते आता पुरत नाही.