पोच

डॉक्टरच्या बायकोला नवरा काय करतो हे सांगता येते, वकिलाच्या बायकोलाही येते. माझ्या पत्नीची मात्र चार बायकांत पंचाईत होते. 'हे ना, चाकणच्या कारखान्यांतून तारा बघत हिंडतात,' एवढेच तिला सांगता येते, आणि ऐकणारीला मी वायरमन आहे असे वाटते. त्याला माझी हरकत नाही. वायरमनचे काम झालेले निदान दिसते, दिवा लागतो. माझ्या कामात दिवा आधीपासूनच लागलेला असतो आणि तरीही गाडे अडलेले असते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी, मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली की चाकणचा पट्टा सुरू होतो. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव आता मोटारींसाठीही प्रसिद्ध आहे. मोठ्या कारखान्यांच्या पाट्या रस्त्यावरून दिसतात. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान शेड मात्र चिखल तुडवीत आत गेल्यावरच सापडतात. अशाच एका शेडमधून मला बोलावणे आले होते.

तिथे एका टेबलावर तपासणी चाले. एक ताई ॲल्युमिनियमचा भाग कॅमेऱ्याखाली ठेवीत, कॅमेरा त्याचा फोटो घेई, आणि पत्त्यांच्या जोडाएवढा एक बोर्ड तो फोटो ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडे धाडी. बोर्डावर लिनक्स होते. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली आज आपल्याला न सांगता घरातल्या कितीतरी उपकरणांत येऊन बसली आहे. फोटो पोचला की टेबलावर हिरवा दिवा लागे, मग ताई पुढचा नग उचलीत. पाच मेगाबाइटचा फोटो जायला अर्धा सेकंद पुरे. इथे वीस सेकंद लागत होते. तासाला दोनशे नग व्हायचे, ते नव्वदावर आले होते.

आता या नव्वदाचा अर्थ कोणी कसा लावला पाहा. सुपरवायझरचे म्हणणे, ताई भाग नीट ठेवत नाहीत, म्हणून फोटो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. मालकांपुढे फक्त आकड्यांचा कागद जाई. दोन महिने ताईंचा उत्पादन भत्ता कापला गेला होता आणि त्यांच्या जागी दुसरे माणूस आणण्याचे घाटत होते. त्या मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, मी दिव्याकडं बघत बसते, अजून काय करू?"

माझ्याआधी केबल बदलून झाली होती, बोर्ड बदलून झाला होता, लिनक्स नव्याने घालून झाले होते. तिथल्या तरुण इंजिनिअरने मला पिंग करून दाखवले. प्रत्येक हाकेला हजारांश सेकंदाच्या आत ओ येत होती. "सर, नेटवर्क ठणठणीत आहे!" पण पिंग म्हणजे दारातून जाताजाता 'काय, बरे आहे ना?' असे विचारणे. त्याला सगळेच 'बरे आहे' म्हणतात.

मी फोटो बाजूला ठेवला आणि नुसती माहिती धाडून वेग मोजला. शंभर मेगाबिटच्या तारेवर चौऱ्याण्णवच्या आसपास भरायला हवे, भरले दोन. म्हणजे कॅमेरा सुटला, फोटोचा प्रोग्रॅम सुटला, आणि ताईंचा हातही सुटला. मग बोर्डालाच विचारले, तू कसा बोलतोस? तो म्हणाला, शंभराने, पण 'हाफ'; म्हणजे एका वेळी एक तर बोलतो, नाही तर ऐकतो. पलीकडे स्विचच्या खिडकीवर लिहिले होते, शंभर, 'फुल'. म्हणजे बोलणे आणि ऐकणे एकदमच.

दोघे असे का? तार जोडली की दोन्ही टोकांनी आपसांत ठरवून घ्यावे, ही सोय इथरनेटच्या नियमांत १९९५ साली आली. सुरुवातीला ती भरवशाची नव्हती, म्हणून जुने लोक स्विचवर हाताने 'फुल' ठोकून ठेवीत. या खिडकीवरही पूर्वीच्या एखाद्या यंत्रासाठी कोणी तसे करून ठेवले होते. दोन महिन्यांपूर्वी तपासणीचे टेबल हलवले आणि बोर्डाची तार नेमकी तिथे आली. हाताने ठोकलेली खिडकी बोलणी करीतच नाही. तारेवरच्या लहरींवरून बोर्डाला वेग ओळखता येतो, पण समोरचा एकदम बोलतो की आळीपाळीने, हे ओळखता येत नाही. अशा वेळी 'हाफ' धरावे, असा नियमच आहे. बोर्डाने नियम पाळला होता.

एरवी हे खपून जाते. मोठा मजकूर निघाला की बोंब होते. बोर्ड फोटोचे तुकडे धाडत असतो. मिळालेल्या तुकड्यांची पोच पलीकडून येत असते. स्विच ती पोच मध्येच पुढे करतो, कारण त्याच्या मते दोघांनी एकदम बोलायला हरकत नाही. बोर्ड बिचारा सभ्य. टक्कर झाली असे समजून वाक्य अर्ध्यावर सोडतो. स्विचला ते तुटके वाक्य बिघडलेले वाटते, तो फेकून देतो. टक्कर तुकड्याचे पहिले चौसष्ट बाइट गेल्यानंतर झाली, तर बोर्डाचे यंत्र तो स्वतःहून पुन्हा धाडीत नाही. लिनक्सला तो हरवल्याचे कळावे लागते, आणि त्यासाठी ते पुष्कळदा सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी थांबते. तुकडा जायला लागतो त्याच्या दीड हजारपटीहून अधिक हा काळ! वीस सेकंद गेले ते या थांबण्यात.

ताई काम करीत असताना मी दोन्हीकडचे मोजमाप लिहून घेतले. प्रत्येक फोटोला बोर्डावर उशिरा झालेल्या टकरींचा आकडा चढे आणि स्विचवर बिघडलेल्या तुकड्यांचा. मग खिडकीवरचा जुना हुकूम काढून बोलणी करण्याची मोकळीक दिली. बोर्ड 'फुल' म्हणू लागला, वेग चौऱ्याण्णववर गेला, दोन्ही आकडे जागच्या जागी थांबले.

अहवालात मी आधीचे आणि नंतरचे आकडे दिलेच, वर टेबल हलवल्याची तारीख आणि नग घटल्याची तारीख शेजारीशेजारी लिहिली. मालकांनी ते दोनदा वाचले. सुपरवायझर खिडकीबाहेरचा पाऊस पाहत होता.

निघताना ताईंना विचारले, आता कसे? म्हणाल्या, "हात काढायच्या आत दिवा लागतोय, साहेब. आता पाणी प्यायला सवड नाही."

कापलेल्या दोन महिन्यांपैकी एकाचे पैसे त्यांना गणपतीत मिळाले. दुसऱ्याचे विचाराधीन आहेत, असे कळते.